राहायचे कुठे, जेवायचे कुठे: महाराष्ट्रातील कॉलेजप्रवेशाचा इतिहास

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. परीक्षेला १३२ मुले बसली, त्यांतली २२ उत्तीर्ण झाली. १८६२ मध्ये या विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, ते चौघे होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे कोल्हापुराहून मुंबईला आले होते, भांडारकर मालवण-रत्नागिरीकडून. कॉलेजात शिकायचे म्हणजे आधी घर सोडायचे, ही गोष्ट महाराष्ट्रात पहिल्या तुकडीपासूनच ठरून गेली.

त्या काळी कॉलेज निवडायला फारसा वाव नव्हता. मुंबईत एल्फिन्स्टन होते, पुढे विल्सन आणि १८६९ पासून सेंट झेवियर्स. पुण्यात विश्रामबागवाड्यात १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचे रूप पालटत गेले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत ती डेक्कन कॉलेज या नावाने उभी राहिली. त्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले होते. वैद्यकीसाठी १८४५ चे ग्रँट मेडिकल कॉलेज, कायद्यासाठी मुंबईतले १८५५ चे वर्ग आणि बांधकाम-यंत्रांच्या शिक्षणासाठी पुण्यात १८५४ साली निघालेला इंजिनिअरिंगचा वर्ग. यादी एवढीच. मॅट्रिकची चाळणी इतकी बारीक होती की त्यातून उतरलेल्या मुलाला कॉलेजने जागा नाकारण्याचा प्रसंग क्वचितच येई. खरी अडचण पुढे होती. मुंबईत किंवा पुण्यात राहायचे कुठे, दोन वेळ जेवायचे कुठे आणि महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवायचे कोणी? महाराष्ट्रातल्या कॉलेजशिक्षणाचा इतिहास विद्यापीठाच्या कायद्यांपेक्षा या प्रश्नांच्या उत्तरांतून अधिक खरा दिसतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे, पण त्यातला हिशेब पुन्हा पाहण्यासारखा आहे. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा गोपाळला पाठवू लागले. पगाराच्या निम्म्याहून जास्त रक्कम एका मुलाच्या शिक्षणावर, आणि उरलेल्या सातांत घर. गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात, पुण्याच्या डेक्कनमध्ये आणि मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये अशा तीन ठिकाणी शिकले आणि १८८४ मध्ये बी.ए. झाले. तेव्हाच्या लहान कॉलेजांत पदवीपर्यंतचे सगळे वर्ग नसत, त्यामुळे मधल्या परीक्षेनंतर गाव बदलणे भाग पडे.

परीक्षेला पोहोचणे हीच कित्येकांची पहिली लढाई असे. कोकणातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ च्या सुमारास सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. सोबतीला गावचेच काही मुलगे. अंतर सुमारे ११० मैल, वाट सह्याद्रीच्या घाटातून, आणि सगळा प्रवास पायी. एवढे चालून गेल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे सांगून बसू दिले नाही. अंगाने लहानखुरे असणे एवढाच दोष. कर्व्यांनी पुढे परीक्षा दिल्या, मॅट्रिक झाले, मुंबईत शिकवण्या करून खर्च भागवला आणि गोखल्यांबरोबर त्याच वर्षी, १८८४ मध्ये, एल्फिन्स्टनमधून पदवी घेतली.

ज्यांच्या घरून काहीच येत नसे त्यांच्यासाठी शहरात दोन जुन्या वाटा होत्या. एक वार लावून जेवण्याची. सात दिवसांसाठी सात घरे ठरवून घ्यायची. सोमवारी एका वकिलाकडे, मंगळवारी दूरच्या आत्याकडे, बुधवारी गावच्या ओळखीच्या कुटुंबाकडे. एखाद्या घरी सुतक आले किंवा यजमान परगावी गेले की त्या दिवशी उपास. दुसरी वाट माधुकरीची. स्नान-संध्या आटोपून झोळी घेऊन ठरलेल्या घरांच्या दारात उभे राहायचे, मिळेल तो भात-भाकरीचा घास झोळीत घ्यायचा आणि बिऱ्हाडी येऊन खायचा. पुण्यात अशा मुलांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठीच १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. पुढे ते पुणे विद्यार्थी गृह म्हणून नावारूपाला आले. चरित्रग्रंथांतून वारांचे आणि माधुकरीचे वर्णन अभिमानाने येते आणि त्या मुलांच्या जिद्दीला तो मान मिळायलाच हवा. मात्र ही सोय प्रामुख्याने ब्राह्मण मुलांसाठी होती. ज्या मुलाला दाराच्या आत घेतले जात नव्हते त्याला कोणी वार देणार नव्हते. गुणवत्ता कितीही असली तरी त्या मुलासाठी कॉलेज बंदच होते, कारण त्याला जेवायला वाढणारे घर शहरात नव्हते.

कॉलेजचे पहिले वर्ष त्या काळी ‘प्रीव्हियस’ म्हणून ओळखले जाई आणि ते मुलांना जड जाई. शाळेत इंग्रजी शिकलेले असे, तरी तास-तासभर इंग्रजीत चाललेली व्याख्याने ऐकायची, टिपणे घ्यायची, लॅटिन किंवा संस्कृत आणि गणित बरोबर सांभाळायचे, हे नव्याने अंगवळणी पाडावे लागे. शिक्षक रोज धडा विचारत नसत. हजेरी लावून टर्म भरली की परीक्षेला बसता येई, मधल्या काळात अभ्यास केला की नाही हे पाहणारा कोणी नसे. बाळ गंगाधर टिळक १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा प्रकृती किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी तालमीला, कुस्तीला आणि पोहण्याला दिले, खाणे वाढवले, शरीर कमावले आणि वर्षाच्या परीक्षेत नापास झाले. पुढे ते गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. पुढच्या आयुष्यातल्या तुरुंगवासांना टिकलेली प्रकृती त्या वर्षाची कमाई होती, असे त्यांचे चरित्रकार मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे. परंतु नापास होण्याची चैन टिळकांना परवडली, कारण घरची परिस्थिती वर्ष वाया गेले तरी तग धरण्याइतकी होती. त्याच कॉलेजात थोड्या वर्षांनी आलेल्या गोपाळ गणेश आगरकरांजवळ एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालत, असे सांगितले जाते. आगरकरांना एक वर्षही वाया घालवणे शक्य नव्हते.

शतकाच्या अखेरीस निवडीला थोडा अर्थ येऊ लागला. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. शिक्षण सोपे आणि स्वस्त करणे हे संस्थेचे उघड ध्येय होते आणि त्यासाठी आजीव सदस्य प्राध्यापक दरमहा ७५ रुपयांवर काम करत. सरकारी कॉलेजांतल्या युरोपीय प्राध्यापकांच्या पगाराशी या आकड्याची तुलनाच होऊ शकत नाही. स्वस्त फी, देशी चालक आणि शहराच्या जवळची जागा या तिन्ही कारणांनी मध्यमवर्गीय मुलांचा ओढा तिकडे वळला. याच काळात कॉलेज निवडताना ‘शिकवायला कोण आहे’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. डेक्कनमध्ये पूर्वी केरूनाना छत्रे गणित शिकवत असत आणि टिळकांसारख्यांच्या मनात त्यांचे स्थान आयुष्यभर राहिले. केंब्रिजला १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि गणित घेऊ पाहणाऱ्या मुलाला पुणे निवडायला आणखी कारण लागत नसे. कॉलेजची प्रतिष्ठा तेव्हा इमारतीवरून नव्हे तर माणसांवरून ओळखली जाई. हा निकष पुढच्या शतकात मागे पडला, ही दुःखाची गोष्ट आहे.

मुलींच्या बाबतीत राहण्याचा प्रश्न आणखी अवघड होता. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकू शकल्या, त्याचे एक कारण त्यांचे कुटुंब पुण्यातच राहत होते. इरावती कर्वे यांचे वडील ब्रह्मदेशात नोकरीला होते. त्या लहान वयात पुण्यातल्या हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात राहिल्या आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी मुलीसारख्या वाढल्या. १९२६ मध्ये त्या फर्ग्युसनमधून बी.ए. झाल्या. प्राचार्यांच्या घरात जागा मिळणे हे सगळ्यांच्या वाट्याला येणारे भाग्य नव्हते. साताऱ्याहून परीक्षा न देताच परत यावे लागलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला आधी विधवांसाठी आश्रम काढला, मग महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. मराठीतून उच्च शिक्षण आणि त्याच आवारात राहण्या-जेवण्याची व्यवस्था, हे त्या विद्यापीठाचे दोन आधार होते. विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात सरकारचा शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांकडे जातो, ही तक्रार स्पष्ट मांडली होती. तिला कृतीने पहिले मोठे उत्तर दिले ते राजर्षी शाहू महाराजांनी. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते, तिथे प्रवेशाला कोणाची आडकाठी नव्हती, तरी खेड्यातली बहुजन मुले दिसत नव्हती. महाराजांनी कारण नेमके ओळखले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशा समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दरबाराने जागा दिली, इमारतींना आणि चालू खर्चाला मदत केली, आणि चालवण्याची जबाबदारी त्या त्या समाजातल्या पुढाऱ्यांवर टाकली. जातवार वसतिगृहांवर पुढे टीका झाली. पण ज्या काळात एका पंगतीला बसायला कोणी तयार नव्हते त्या काळात आधी मुलगा शहरात आणणे गरजेचे होते, आणि ते या वसतिगृहांनी केले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते सार्थ आहे.

पुढचे पाऊल टाकणारा माणूस याच वसतिगृहांतून तयार झाला. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्याबद्दल अंघोळ करून शुद्ध व्हायला ते तयार झाले नाहीत आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले, आणि तिथे सर्व जातींची मुले एकाच खोलीत झोपत, एकाच पंगतीला बसत. मुले स्वयंपाक करत, पाणी भरत, शेतात राबत. १९२७ मध्ये गांधीजींनी भेट देऊन त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिले. बोर्डिंगचा खर्च भागेना तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्रासह अंगावरचे दागिने दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत कॉलेजच्या पातळीवर आली. शेती, बांधकाम, सफाई, ग्रंथालय अशा कामांचे तास नोंदवले जात आणि त्यांच्या मोबदल्यात राहणे-जेवणे चाले. यात दयेचा भाव नव्हता. मुलगा स्वतःच्या घामाचे खातो आणि म्हणून मान वर करून वर्गात बसतो, ही भाऊरावांची दृष्टी वार आणि माधुकरीच्या परंपरेपेक्षा मुळातून वेगळी होती.

मुंबईत भीमराव आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराला हजर असलेले कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी पुढे त्यांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टनमधले शिक्षण पुढे चालू राहू शकले. प्राध्यापक म्यूलर यांनी पुस्तके आणि कपडे दिले, पण कॉलेजच्या उपाहारगृहात त्यांना चहा-पाणी मिळत नसे. ज्ञान द्यायला तयार असलेली संस्था पाणी द्यायला तयार नव्हती. हे सोसलेल्या माणसाने १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि तिथे सकाळी वर्ग भरवले गेले, म्हणजे नोकरी करणाऱ्या तरुणाला तास आटोपून कामावर जाता येईल. १९५० मध्ये औरंगाबादला निघालेल्या कॉलेजने, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाने, मराठवाड्यातल्या खेड्यांतली पहिली पिढी वसतिगृहासह कॉलेजात आणली. दलित साहित्याच्या चळवळीतली कितीतरी नावे तिथे घडली.

मराठवाड्याची गरज मोठी होती. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी मुलाला पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. औरंगाबादला १९२३ पासून इंटरपर्यंतचे कॉलेज होते, एवढाच दिलासा. विदर्भात नागपूरचे हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजे एकोणिसाव्या शतकातली, पण स्वतःचे विद्यापीठ १९२३ मध्ये मिळाले. अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवले आणि मग श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. इथेही वसतिगृह आधी आणि संस्था नंतर, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत वैद्यकीचे शिक्षण सोडले तर पदवीची सोय जवळपास नव्हतीच. मुले मुंबई, पुणे, बेळगाव, धारवाड गाठत. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज सुरू झाले, तेव्हा प्रथमच घरी राहून पदवी घेता येऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर परीक्षेची घडी बदलली. विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन १९४९ पासून एस.एस.सी. आली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठ, १९५८ मध्ये मराठवाडा आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ सुरू झाले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांची फी माफ झाली. ‘ई.बी.सी.’ हे तिचे नाव घराघरांत पोहोचले. त्याआधी गरीब मुलाला ‘नादारी’साठी प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभे राहावे लागे. आता उत्पन्नाचा दाखला पुरेसा झाला. तालुक्याच्या गावी कॉलेजे निघाली. जुनी एस.एस.सी. अकरावीची होती. नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये आणि बारावीची १९७७ मध्ये झाली. त्यामुळे अकरावी-बारावी कॉलेजच्या आवारात गेली आणि पंधरा-सोळा वर्षांचे मूल ‘कॉलेजला’ जाऊ लागले. गणवेश सुटला, हजेरीचा धाक सैल झाला, पण वय शाळेचेच राहिले. पहिल्या वर्षाचे गोंधळणे तेव्हापासून दोनदा होऊ लागले, एकदा अकरावीत आणि पुन्हा एफ.वाय.ला.

या पिढीने राहण्या-जेवण्याचे आपले मार्ग काढले. तालुक्याच्या गावी तिघा-चौघांत एक खोली आणि डबा एस.टी.ने. पहाटे आईने भाकऱ्या थापायच्या, डब्याला नाव लिहिलेली चिठ्ठी किंवा रंगीत फडके बांधायचे, गावच्या फाट्यावर पहिल्या गाडीत कंडक्टरकडे द्यायचा, आणि मुलाने स्टँडवर तो उतरवून घ्यायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. गाडी चुकली तर पाव किंवा उसळीवर दिवस काढायचा. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या हजारो पदव्यांच्या मागे हा डबा आहे, आणि शिक्षणाच्या इतिहासात त्याची नोंद असायला हवी. पुण्यात वाड्यातली खोली ‘कॉट बेसिस’वर मिळे, म्हणजे भाडे एका कॉटपुरते. महिनेवारी मेस असे, रविवारी दुपारी गोडधोड आणि रात्री सुट्टी. होस्टेलवर जागा न मिळालेला मुलगा मित्राच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून राही आणि रेक्टरची फेरी आली की गॅलरीत जाऊन थांबे. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी सहायक समितीने ग्रामीण मुलांसाठी पुण्यात अल्प खर्चाची वसतिगृहे उभारली. वसतिगृहातली कामे मुलांनीच करायची, ही रयतची रीत तिथेही आली.

निवडीचा प्रश्न तीव्र झाला तो अभियांत्रिकी आणि वैद्यकीमुळे. पुणे, मुंबई, सांगली, कराड, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशी मोजकी इंजिनिअरिंग कॉलेजे होती आणि जागांसाठी झुंबड होती. श्रीमंत घरांतली मुले कर्नाटकात देणगी भरून प्रवेश घेत. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि काही वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत ती उभी राहिली. त्यातून ग्रामीण भागात इंजिनिअर घडले हे खरे, आणि शेत विकून डोनेशन भरणारे बापही दिसू लागले हेही खरे. कॅपिटेशन फी रोखण्याचा कायदा १९८७ मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये उन्नीकृष्णन प्रकरणात ‘फ्री’ आणि ‘पेमेंट’ जागांची पद्धत घालून दिली, २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती मोडली, आणि २००५ च्या पी. ए. इनामदार निकालाने खासगी संस्थांची मोकळीक वाढवली. राज्याने २०१५ मध्ये प्रवेश आणि शुल्क नियमनाचा कायदा करून फी ठरवण्यासाठी प्राधिकरण नेमले. प्रवेश परीक्षा, केंद्रीय फेऱ्या आणि पसंतीक्रम ही आजची भाषा या दोन दशकांच्या भांडणातून आली आहे.

अकरावीचा प्रवेश मुंबई विभागात २००९ पासून ऑनलाइन झाला. त्याआधी जून महिन्यात मुले आणि पालक झेरॉक्सच्या गठ्ठ्यासह एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात फॉर्म भरत फिरत, आणि नोटीस बोर्डावर लागलेल्या मेरिट लिस्टपुढे खेटाखेटी होई. २०२५ पासून संपूर्ण राज्यात ही पद्धत लागू झाली. धावपळ गेली, वशिल्याला आळा बसला, हा मोठा लाभ. तोटाही आहे. पूर्वी फॉर्म आणायला गेलेला मुलगा कॉलेज पाहून येई, आता तो केवळ मागील वर्षाचा कटऑफ पाहतो. पसंतीक्रमाचा एक नियम तर अनेकांना अंगावर आल्यावरच कळतो: पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की प्रवेश घ्यावाच लागतो, न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते. म्हणून पहिल्या क्रमांकावर ज्या कॉलेजला खरोखर जायचे आहे तेच लिहायला हवे, आणि तिथे रोज जाणे-येणे किंवा राहणे जमेल का, हे आधी तपासायला हवे.

पहिल्या वर्षाची तयारीही बदलली. होस्टेलमधल्या छळाचे प्रकार वाढल्यावर महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, आणि २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार विद्यार्थी आणि पालक दोघांचे हमीपत्र घेतले जाते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार नव्या अभ्यासक्रमात मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे आणि इतर शाखेतले विषय पहिल्याच वर्षी निवडावे लागतात. पूर्वी हे ठरवायला इंटरपर्यंत वेळ मिळे. दाखल्यांची यादी मात्र लांबत गेली: शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, जात पडताळणीचा, नॉन-क्रिमी लेयरचा. जात पडताळणीला महिने लागू शकतात, त्यामुळे तो अर्ज बारावी सुरू असतानाच करणे शहाणपणाचे ठरते.

एवढे होऊनही जुना प्रश्न सुटलेला नाही. फी सवलतीच्या योजना वाढल्या आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ झाली. तरी पुण्या-मुंबईतली खोली आणि मेस यांचा खर्च पुष्कळदा फीपेक्षा जास्त होतो. सरकारी वसतिगृहांत जागा अपुऱ्या आहेत, हे शासनानेच मान्य केले आहे. म्हणून तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून थेट रक्कम दिली जाते: मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या निर्वाह भत्त्याला अमरावतीच्या छात्रालयाच्या पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. हे पैसे प्रवेशाबरोबर आपोआप मिळत नाहीत. अर्ज वेगळा असतो, त्याची मुदत वेगळी असते आणि दरवर्षी ती अनेकांची निघून जाते. कॉलेजच्या कार्यालयात पहिल्या दिवशी बोनाफाईड मागताना त्या मुदतीची चौकशी विद्यार्थ्याने तिथल्या तिथे करावी, आणि उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडू नये.